वरच्या कुरणाचा ट्रॅक्टर

कराडच्या शोरूममध्ये मी एका ट्रॅक्टरखाली डोकं घालून बसले होते, तेव्हा सेल्समनने माझ्या दिराला हळूच विचारलं, "वहिनींचं काही पडलं का?"

"पडलं न्हाई," हणमंत भावजी म्हणाले. "पोट बघत्यात त्याचं."

खरंच तेच बघत होते. ट्रॅक्टरचं पोट जमिनीपासून किती वर आहे आणि मागच्या दोन चाकांत अंतर किती, हे मी वितीनं मोजत होते. पदराला ग्रीस लागलं होतं आणि सगळं शोरूम माझ्याकडे बघत होतं. बघू दे म्हटलं. साडी घेताना आम्ही काठ उलटा करून बघतो, तेव्हा कुणी विचारत नाही काय पडलं म्हणून.

सेल्समन मला एक अरुंद, उंचसा ट्रॅक्टर दाखवत होता. बाईमाणसाला हलका बरा, आंब्याच्या ओळीतून आरामात निघतो, असं त्याचं चाललं होतं. तो ट्रॅक्टर उभा असताना छान दिसत होता, पण मला तो उभा करून ठेवायचा नव्हता. आमचं रान डोंगरावरचं. तिथे तांब्या ठेवला तर लवंडतो, परात ठेवली तर बसते. मला परात हवी होती.

ती कोपऱ्यात धूळ खात होती. बसका, रुंद, तोंडाकडून काहीसा बेडकासारखा दिसणारा ट्रॅक्टर. पुढची चाकंही इंजिनच्या जोरावर फिरणारी, आणि मागची चाकं उलटी बसवली की दोन चाकांतलं अंतर आणखी वाढायचं. सेल्समन म्हणाला, हा कुणी फारसा घेत नाही. मिरवायला बरा दिसत नाही ना.

"मला हाच बघायचाय," मी म्हटलं.

भावजी तोवर दुसऱ्या टोकाला, एका निळ्या धिप्पाड ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसले होते. तिथून खाली उतरायला तयार नव्हते.

आमच्या घरात ट्रॅक्टर एकच येणार होता, आणि तो कोणता येतो यावर आमचं वरचं कुरण राहणार की जाणार हे ठरणार होतं.

मी शालन शेडगे. पाटणच्या वर, उंबरटेकवाडीत दिली मला. माझं माहेर कृष्णाकाठचं, सपाट, काळ्या मातीचं. तिथे मी फ्रॉकवर असल्यापासून वडिलांच्या ट्रॅक्टरवर बसायची आणि पुढे चालवायलाही शिकले. लग्न ठरताना ही गोष्ट आईने लपवून ठेवली होती. सासरी कळली तेव्हा आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, एवढंच म्हणाल्या की इथे कुठं आलाय ट्रॅक्टर, आणि विषय तिथेच मिटला. माझे मालक सदाशिव फौजेत. वर्षातून दोनदा यायचे, बाकी फोनवर. घरी आबा म्हणजे सासरे, आत्ती, धाकटे दीर हणमंत आणि मी.

घराखाली थोडी भाताची खाचरं, आणि डोंगराच्या अंगावर वरचं कुरण. कुरण म्हणजे गवताचं रान. मध्ये नाचणीच्या दोन-चार पट्ट्या आणि आबांनी हौसेनं लावलेली आंब्याची कलमं. ते गवत दसऱ्यापर्यंत राखायचं. कुणी गुरं सोडायची नाहीत. दसरा झाला की इर्जिक घालायची, म्हणजे सगळ्या वाडीनं विळे घेऊन एकेकाच्या कुरणात उतरायचं आणि ज्याचं कुरण त्यानं जेवण घालायचं. आमच्या कुरणाला एके काळी इतके विळे यायचे की आत्तींना भाकरी थापायला शेजारच्या घरची चूल मागून घ्यावी लागायची. ते गवत आमच्या म्हशी वर्षभर खायच्या आणि उरलेलं खालच्या गावातले गवळी गाड्या घेऊन येऊन न्यायचे.

मग वाडी मुंबईला गेली. माथाडीत, कापड मार्केटात, जिथे मिळेल तिथे. विळे कमी होत होत चार म्हाताऱ्या आणि मी एवढ्यांवर आलं. गवत उभंच वाळायला लागलं. त्या वर्षी उन्हाळ्यात कुठूनसा वणवा आला, त्या उभ्या गवतातून चढत गेला आणि आबांची निम्मी कलमं घेऊन गेला. त्यानंतर आबा कितीतरी दिवस वर गेलेच नाहीत.

त्याच सुमारास मुंबईचे शिरोडकर म्हणून एक गृहस्थ यायला लागले. माणूस सभ्य होता, चहा घेताना आत्तींनाही नमस्कार करायचा. त्यांना कुरण हवं होतं. तिथून धरणाचं पाणी दिसतं म्हणे, बंगले बांधता येतील. भावजींना ते पटलं होतं आणि त्यांचं म्हणणं काही वेडगळ नव्हतं. कापायला माणूस नाही, कलमं जळाली, मग ते रान काय पूजेला ठेवायचं? ते द्यावं, मोठा ट्रॅक्टर घ्यावा, खाली कारखान्याचा ऊस ओढावा. मी म्हणत होते की लहान, डोंगरावर चालणारा ट्रॅक्टर घेऊ, मागे गवत कापायची पट्टी लावू, कुरण आपलं आपण कापू. सदाशिवांना फोन केला तर ते म्हणाले, आबांना विचार. फौजेतल्या माणसाला वरून हुकूम आल्याशिवाय काही सुचत नाही.

आबांनी दोघांचं ऐकून घेतलं. ते आयुष्यभर बैलांमागे चाललेले, ट्रॅक्टरला कधी हातही न लावलेले. शेवटी म्हणाले, "बाजारात बैल तोंडानं इकत न्हाईत. जुपून दाखवत्यात. दोघं बी आपापला आणा. कुरणावर चालवून दाखवा. ज्याचा चालंल त्याचं खरं. शिरोडकरास्नी दिवाळीआधी सांगायचंय."

म्हणून आम्ही कराडला गेलो होतो. शोरूमचा मालक भला निघाला. दोन्ही ट्रॅक्टर मागे पट्टी लावून वर पाठवतो म्हणाला, आणि सोबत मुजावर मिस्त्रींना दिलं.

दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी मी कपाटातून साडी काढत होते, तर आत्ती दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना हे सगळं पसंत नव्हतं. फौजीच्या बायकोनं ट्रॅक्टरवर बसून डोंगर चढायचा, वाडी काय म्हणेल, हे त्या दोन दिवस भांड्यांना ऐकवत होत्या. मला वाटलं आता मला ऐकवणार. त्यांनी काखेतलं लुगडं पुढं केलं. त्यांचं स्वतःचं, हिरवं, नऊवारी.

"ह्ये नेस. काष्टा घाल घट्ट," त्या म्हणाल्या. "त्या मागच्या फिरत्या दांड्यात पाचवारीचा घोळ गेला म्हंजी तुला बी ओढून घील."

मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळी अंगणात पट्टी चालवणारा तो दांडा फिरवून दाखवला होता. आत्ती ओसरीवर तांदूळ निवडत होत्या, वर मानही केली नव्हती. पण सगळं बघून ठेवलं होतं. मी लुगडं नेसले, वरून सदाशिवांचा जुना सदरा घातला आणि बाहेर पडले.

कुरणाच्या खालच्या बांधावर वाडीतल्या बायका विळे घेऊनच येऊन बसल्या होत्या. ट्रॅक्टर हरला तर कापायला बरं, असं त्यातली एक म्हणाली आणि बाकीच्या हसल्या. आबा काठी टेकून उभे होते, शेजारी आत्तीही.

पहिली पाळी भावजींची. निळा ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा त्याचा आवाज समोरच्या डोंगरावर आदळून परत आला. खरं सांगायचं तर माझीही नजर त्याच्यावरून हटेना, इतका तो देखणा दिसत होता. भावजींनी तो कडेच्या पायवाटेनं सरळ वर नेला. दम न घेता चढला. बायका "आगं बया" करत राहिल्या. आबांनी मान हलवली, पण ती कौतुकाची होती की कशाची, कळलं नाही.

वर गेल्यावर भावजींनी पट्टी खाली सोडली आणि ट्रॅक्टर आडवा घातला.

त्यात त्यांचं काही चुकलं असं आमच्या वाडीत कुणीच म्हटलं नसतं. गवत आम्ही आडवंच कापतो. उतारावर वरखाली तोंड करून बसता येत नाही, म्हणून एका कुशीवर बसायचं आणि आडव्या ओळीनं सरकत जायचं. आज्यापणज्यापासून हेच चालत आलेलं. भावजींनी लहानपणापासून तेच पाहिलेलं आणि केलेलं. विळ्याच्या जागी ट्रॅक्टर आला म्हणून हात वेगळं काही करायला तयार होत नाही. त्या सकाळी आधी माझी पाळी असती तर कोण जाणे, सपाटीवर शिकलेली मीही तेच केलं असतं. पण मी आदल्या दिवशी मिस्त्रींना खोदून खोदून विचारून घेतलं होतं. भावजींनी विचारलं नव्हतं. मोठ्या ट्रॅक्टरला काय विचारायचं, असा त्यांचा खाक्या.

थोडं अंतर नीट कापलं गेलं. मग खालच्या बाजूचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि वरच्या बाजूचं मोठं चाक जमिनीवरून उचललं गेलं. हवेत ते सावकाश फिरत होतं.

"खाली वळवा, खाली!" मुजावर मिस्त्री धावत सुटले. "वर नका वळवू!"

भावजींचं नशीब आणि मिस्त्रींचा आवाज, दोन्ही दांडगे. त्यांनी स्टिअरिंग खाली वळवलं, उचललेलं चाक धपकन जमिनीवर आलं आणि ट्रॅक्टर गवत तुडवत, हेलकावत उतारावरून सुटला. बांधाच्या जरा अलीकडे माती भुसभुशीत होती, तिथे रुतून थांबला. भावजी उतरले. हसायला बघत होते, पण जमेना. आत्तींनी त्यांना हाताला धरून बांधावर बसवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

मला वाटलं, झालं. आता आबा म्हणणार, दोन्ही घेऊन जा, एक पोरगा कसाबसा वाचला, सून पाठवायची नाही. त्यांनी तसं म्हटलं असतं तर मी काय बोलणार होते? आणि कुरण गेलंच असतं, कारण विळ्यांनी ते कापून होणार नाही हे बांधावरच्या बायकांनाही माहीत होतं.

आबा माझ्याकडे आले. "भ्या वाटतंय?"

"वाटतंय," मी म्हटलं.

"मग बस. ज्याला वाटत न्हाई त्याला मी बसवणार न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "चढून दावू नगंस मला. चढाला काय, मार खाऊन कसला बी बैल चढतो. उतरून दाव. कापत कापत."

मी तेच करणार होते, पण ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला बळ आलं. आबा बैल घ्यायला जायचे तेव्हाची गोष्ट वाडीत सगळ्यांना ठाऊक होती. भरली गाडी जुंपून उतारावरून खाली आणायला लावायचे आणि स्वतः बाजूनं चालत बैलाचे मागचे पाय बघायचे. गाडी अंगावर येताना जो खुरं रोवून ती धरतो, तोच घ्यायचे. दिसायला बरा असो नसो.

मी माझा बेडूक डोंगराच्या मागच्या बाजूनं, जिथून शेरडं जातात त्या लांबच्या, सोप्या वाटेनं वर नेला. बायका ओरडल्या, कुठं चालली ही, पळून गेली का काय. वर माथ्यावर सपाटी आहे. तिथे तोंड सरळ उताराकडे केलं. चारी चाकांचा खटका टाकला. सगळ्यात हळू गिअर घातला. पट्टी खाली सोडली. मिस्त्रींनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, की उतरताना क्लचकडे पाय न्यायचा नाही. क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते, आणि एकदा पकड सुटली की ब्रेकही ऐकत नाही.

उतरायला लागले आणि समोर एकदम खालचं सगळं दिसलं. आमचं घर, भाताची खाचरं, धरणाचं पाणी. बॉनेटच्या पुढे जमीन नव्हतीच जणू. पाय आपोआप क्लचकडे जायला लागला. सपाटीवर शिकलेला पाय तो, घाबरला की क्लच दाबायचा एवढंच त्याला ठाऊक. मी तो उचलून फळीवर ठेवला आणि मनात त्याला एक शिवी दिली, जी मी इथे लिहिणार नाही.

इंजिन घुमत होतं, अडवून धरत होतं. जोरात नाही, एका चालीनं. उतार जिथे सगळ्यात तीव्र आहे, जिथे बायका गवत कापताना एकमेकींच्या पदराला धरतात, तिथेही त्याची चाल बदलली नाही. बाजूला गवत आडवं पडत होतं, एका रेषेत, कापल्याचा ओला वास येत होता. आणि जरा अंतर राखून आबा चालत होते. काठी टेकत, माझ्याकडे न बघता, मान खाली घालून. ते मागच्या चाकांकडे बघत होते.

खाली बांधाशी पोचले, पट्टी उचलली, इंजिन बंद केलं. कान वाजत होते. लुगडं घामानं अंगाला चिकटलं होतं. आबांनी वाकून कापलेल्या गवताची मूठ उचलली, खुंट बघितले आणि मिस्त्रींना म्हणाले, "ह्यो र्‍हाऊ द्या हितं. त्यो निळा घिऊन जावा, रुतलाय तिथनं काढून."

मला एक शब्द नाही. मी म्हटलं, नसू दे. माझा ट्रॅक्टर अंगणात उभा होता.

मग आम्ही कापत राहिलो. मी पट्टी चालवायची, बायका मागून पेंढ्या बांधायच्या. दुसऱ्या दिवशी भावजी आपणहून आले आणि पेंढ्या खाली वाहायला लागले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वैनी, मला बी शिकवा की उभं कापायला." मी शिकवलं. थट्टा करायची फार इच्छा होती, पण त्या हवेत फिरणाऱ्या चाकाची आठवण आली आणि गप्प बसले. नंतरच्या वर्षांत मात्र भरपूर केली.

दिवाळी तोंडावर आली आणि शिरोडकर आले. मी माथ्यावर होते. खाली त्यांची पांढरी गाडी थांबलेली दिसली, ते आणि आबा बांधावर उभे राहून बोलताना दिसले. कुरण निम्म्याहून जास्त कापून झालं होतं, पण सगळं झालं नव्हतं. ट्रॅक्टर ठेवला म्हणजे रान ठेवलं, असं आबा स्पष्ट कधी बोललेच नव्हते. घरात त्यांच्या मनातलं कुणाला आधी कळायचं नाही. विकायचं ठरवलं असतं तरी आम्हाला व्यवहार झाल्यावरच कळलं असतं.

बघता बघता शिरोडकर एकटेच वर चढायला लागले. शहरी बूट, हातात रुमाल. मध्ये दोनदा थांबले. मी सपाटीवर ट्रॅक्टर उभा करून वाट बघत बसले. माझ्यापर्यंत पोचले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. मी बाटलीतलं पाणी दिलं.

"तुमच्या सासऱ्यांना विचारलं मी," ते धापा टाकत म्हणाले. "ते म्हणाले, मला काय विचारता. मालकीण वर गवत कापतीया. तिला विचारा."

मी मागे वळून बघितलं. खरंच बघितलं. आत्ती कधी वर आल्या, असं मला वाटलं. मागे कुणी नव्हतं. नुसतं कापलेलं रान आणि त्यापलीकडे आभाळ.

मग मी खाली बघितलं. आबा बांधावर आमच्याकडे पाठ करून बसले होते आणि पेंढी बांधत होते. इतक्या लांबूनही मला कळत होतं की ते मुद्दाम वर बघत नाहीयेत. मला रडू येईल असं वाटलं, पण रडू नाही आलं. छाती इतकी भरून आली की सदऱ्याची गुंडी तुटेल की काय असं झालं. लग्नात हार घातला तेव्हा नाही, सदाशिवांना पदक मिळालं तेव्हा नाही, इतका अभिमान मला त्या घटकेला वाटला, आणि तो माझा स्वतःचा होता.

"काय करायचं मग?" शिरोडकरांनी विचारलं.

"द्यायचं नाही," मी म्हटलं. "साहेब, उतरताना मागच्या वाटेनं उतरा. कापलेल्या गवतावरून पाय सरकतो."

माणूस भला. हात जोडले आणि मागच्या वाटेनं गेले. मी इंजिन सुरू केलं आणि राहिलेला पट्टा कापत खाली आले.

आबांनी काही विचारलं नाही, काय सांगितलंस, तो काय म्हणाला, काही नाही. बायका पेंढ्या रचून घरी निघाल्या होत्या, सूर्य डोंगराआड गेला होता. आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी बघत होते, उद्याचं काम आबा सांगायचे. दिवस मावळला की ओसरीवर बसून ते बोलायचे आणि सगळं घर ऐकायचं, सदाशिव सुट्टीवर असले तर तेसुद्धा. कुणी कधी उलट विचारलं नाही आणि त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.

मी चाकांना अडकलेलं गवत काढत होते. आबा काठी टेकत जवळ आले आणि बाजूला उभे राहिले.

"शालन," ते म्हणाले, "उद्या कुठलं धरायचं?"

मी त्यांना सांगितलं.